स्टिअरिंग हलतंय, ८०० चा कॉलम घरीच उतरवायचा विचार आहे

कॉलेजरोडकर · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, पहिल्यापासून घरातलीच. पावसाळा संपल्यापासून स्टिअरिंगमध्ये कुरबुर आहे. व्हील धरून वर-खाली केलं तर हलतं. त्र्यंबक रोडच्या गतिरोधकांवरून हळू गेलं की पायापाशी 'कट्' असा आवाज येतो. शिवाय सरळ रस्त्यावर व्हील जरासं फिरवलं तर गाडी लगेच ऐकत नाही, थोडं जास्त फिरवावं लागतं.

एका गॅरेजमध्ये सांगितलं रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) गेला. दुसरीकडे म्हणाले, कॉलमसकट (व्हीलपासून खाली जाणारा शाफ्ट आणि त्याची नळी) सगळं बदलून टाका, जुनी गाडी आहे. खाली वाकून कुणीच बघितलं नाही.

माझ्याकडे गोटी पान्यांचा सेट आहे, टॉर्क रेंच (मोजून ठरावीक जोराने आवळायचा पाना) आहे, पुलर (अडकलेलं व्हील ओढून काढायचं साधन) मित्राकडून मिळेल. पार्किंगला छप्पर आहे. कॉलम काढून तपासून परत बसवणं घरी जमण्यासारखं आहे का? आणि त्याआधी नक्की काय खराब आहे ते कसं शोधायचं?

टूलरूम नाना · शनिवार, रात्री १०:२५

जमण्यासारखं आहे. पण आधी पाना बाजूला ठेवा. निम्मं काम हाताच्या बोटांनी होतं.

गाडी जमिनीवरच, चाकं सरळ, इंजिन बंद. तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे हे सोपं जाईल. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवा आणि व्हील डावी-उजवीकडे अगदी थोडं हलवायला सांगा. फिरवायचं नाही, नुसतं झुलवायचं. तुम्ही खाली पेडलपाशी हात घाला, रबरी बुटाच्या आत जिथे क्रॉस, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा वळता सांधा, आहे तिथे. एक बोट क्रॉसच्या वरच्या शाफ्टवर, एक खाली रॅकच्या पिनियनवर, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या दातेरी शाफ्टवर. वरचा फिरतोय आणि खालचा थांबून मग फिरतोय, तर क्रॉस गेला. दोन्ही एकदम फिरतात पण टाय रॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारी दांडी) उशिरा हलतो, तर रॅक. टाय रॉड हलतो पण चाक हलत नाही, तर टाय रॉड एंड (त्याच्या टोकाचा सांधा). वर-खाली हलण्याचं वेगळं बघा. व्हीलबरोबर फक्त आतला शाफ्ट हलत असेल आणि बाहेरची नळी जागेवर असेल, तर वरचा बुश (शाफ्टला आधार देणारं कडं) किंवा बेअरिंग. नळीसकट सगळंच हलत असेल तर डॅशबोर्डखालचे ब्रॅकेटचे बोल्ट ढिले किंवा ब्रॅकेटला चीर.

व्हीलच्या कडेवर किती मोकळी चाल आहे तीही पट्टीने मोजा. या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ० ते ३० मिमी दिलेली असते. त्याच्या आत असेल तर उगाच उतरवू नका.

चुंचाळेचा चंदू · शनिवार, रात्री ११:०२

नाना, मेस्त्री लोकांच्या पोटावर पाय देताय तुम्ही.
माझं मत, स्टिअरिंग आणि ब्रेकला घरी हात लावू नये. कार्ब्युरेटर खोला, बंपर रंगवा, हवं ते करा. स्टिअरिंग घाटात सुटलं तर काय करणार?

द्वारका गॅरेजवाला · शनिवार, रात्री ११:३०

चंदूभाऊ, काळजी बरोबर आहे. पण घरी करणारा माणूस एकच गाडी करतो आणि चार वेळा बघतो. गॅरेजमधला पोऱ्या एका दिवसात अनेक गाड्या करतो. कुठे चूक होण्याची शक्यता जास्त ते तुम्हीच ठरवा. मी स्वतः गॅरेजवाला असून सांगतोय.

कॉलेजरोडकर · रविवार, दुपारी १२:१५

नानांनी सांगितलं तसं केलं. बायको सीटवर, मी खाली उलटा.

मोकळी चाल ४५ मिमी आली. वरचा शाफ्ट फिरतो, पिनियन थांबून मग हलतं, आणि त्याच क्षणी बोटाला तो 'कट्' लागतो. आवाज ऐकू येण्याआधी बोटाला कळतो. वर-खाली हलताना नळी जागेवर आहे, शाफ्ट आत हलतो. टाय रॉड एंड आणि रॅक मला तरी घट्ट वाटले.

म्हणजे क्रॉस आणि वरचा बुश. रॅक नाहीच. आता काढायची रीत कुणी नीट सांगेल का?

द्वारका गॅरेजवाला · रविवार, दुपारी ३:५०

सांगतो. जेवून बसलोय, त्यामुळे लांबण लागेल.

पहिलं, चाकं सरळ करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ड्रायव्हर सीट पूर्ण मागे, किंवा चार बोल्ट काढून बाहेर. सीट काढली तर मान शाबूत राहते.

हॉर्नचं पॅड काढलं की मधला नट दिसतो. १७ ची गोटी लागेल. नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, दोन-चार आट्यांवर राहू द्या. नवखे लोक नट काढून व्हील दोन्ही हातांनी ओढतात. ते सुटतं तेव्हा थेट नाकावर येतं. नट राहिला तर तिथे अडतं. व्हील काढण्याआधी शाफ्टच्या टोकावर आणि व्हीलच्या बॉसवर (मधल्या जाड भागावर) एका रेषेत पांढऱ्या रंगाची खूण करा. पंचने ठोकून नव्हे, रंगाने.

व्हील अडकलं तर पुलर. पुन्हा सांगतो, पुलर. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची नाही, लाकूड ठेवूनसुद्धा नाही. का ते नाना सांगतील, त्यांना ते आवडतं.

मग खालचं-वरचं प्लास्टिक कव्हर, कॉम्बिनेशन स्विच, इग्निशनचं कपलर. कपलर ओढताना वायर धरू नका, लॉक दाबून सॉकेट धरा. जुन्या गाडीतलं प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता खाली. क्रॉसला क्लॅम्प असतो आणि त्यात आडवा बोल्ट, १२ चा पाना. हा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. कारण पिनियनच्या शाफ्टला एक खाच कोरलेली असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. त्यामुळे बोल्ट ढिला पडला तरी क्रॉस वर सरकून सुटू शकत नाही. गॅरेजला कुणी 'क्रॉस निघतच नाही' म्हणून हातोडी घेऊन बसलं असेल तर दहातल्या नऊ वेळा बोल्ट अर्धा आत असतो.

क्रॉस आणि पिनियनवरही रंगाची रेघ मारा. मग कॉलमचे खालचे नट, शेवटी वरचे बोल्ट. वरचे काढताना एक हात कॉलमखाली ठेवा किंवा मदतीला कुणी घ्या. कॉलम वायरवर किंवा क्रॉसवर लोंबकळता कामा नये. निघाला की गादीवर किंवा पोत्यावर आडवा ठेवा. भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, घसरून पडतो.

इग्निशन लॉक कॉलमवरच राहू द्या. त्याचे बोल्ट डोकं तुटलेले असतात, चोराला काढता येऊ नयेत म्हणून. गरज नसताना त्यांच्या नादी लागू नका.

टूलरूम नाना · रविवार, सायंकाळी ५:१०

हातोडीचं सांगतो.

जुन्या काळी कॉलम म्हणजे सरळ लोखंडी दांडा. समोरून टक्कर झाली की तो दांडा भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीत जायचा. म्हणून अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून दबणारा कॉलम आणला, आणि १९६८ च्या जानेवारीपासून तिथे तसा नियमच झाला. पुढे जगभर तेच. दबणाऱ्या कॉलममध्ये शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. सरकू नये म्हणून मध्ये प्लास्टिकच्या पिना ओतलेल्या. डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटलाही तशाच कॅप्सूल. टक्कर झाली की पिना तुटतात, शाफ्ट आत जातो, कॉलम ब्रॅकेटमधून निसटतो आणि धक्का खाऊन टाकतो.

आता तुम्ही शाफ्टच्या टोकावर हातोडी मारली तर पिनेला काय कळणार की ही टक्कर आहे की चंदूचा मेस्त्री? पिना तुटतात. बाहेरून काहीही दिसत नाही. गाडी चालते. मग शाफ्ट लांबीत सरकायला लागतो, आणि खऱ्या टकरीत जे काम कॉलमने करायचं ते आधीच झालेलं असतं.

चुंचाळेचा चंदू · रविवार, सायंकाळी ५:३०

माझ्या मेस्त्रीला मध्ये आणू नका हो 😄
पण एक शंका. क्रॉसमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारून देतात, ते चालतं का? आमच्या गावाकडे ट्रॅक्टरला मारलेले बघितलेत.

टूलरूम नाना · रविवार, सायंकाळी ५:४५

नाही. शेतात ताशी दहाच्या वेगाने चालणाऱ्या ट्रॅक्टरलाही नाही. क्रॉस असतो तो दोन शाफ्टमधला कोन सांभाळायला. टाका मारला की तो वळायचा थांबतो आणि प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट वाकवत राहतो. वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालचा पोलाद ठिसूळ होतो तो वेगळाच. असा शाफ्ट आधी सांगून तुटत नाही.

इंदिरानगरची अश्विनी · रविवार, रात्री ८:२०

छान धागा. एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते, कारण हे वाचून कुणीतरी नव्या गाडीवर हात चालवेल. भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांना ती आहेच. अशा गाडीत हॉर्नचं पॅड म्हणजेच एअरबॅग. बॅटरी काढल्यावरही तिच्या कंट्रोल युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, मगच पिवळ्या कपलरला हात. काढलेली बॅग नेहमी कव्हर वर करून ठेवायची, पालथी नाही. पालथी असताना उडाली तर अख्खं मॉड्यूल उसळतं. मल्टिमीटर तर तिला लावायचाच नाही.

आणि व्हीलमागे गुंडाळलेली पट्टी असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. कॉलम आणि रॅक वेगळे असताना व्हील मोकळं फिरलं की ती पट्टी एका बाजूला संपते. परत जोडून पूर्ण वळण घेतलं की तुटते, आणि डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो. सीटबेल्ट व्हीलमधून ओवून बांधून ठेवला की फिरत नाही.

कॉलेजरोडकर · मंगळवार, रात्री ९:०५

कॉलम बाहेर आला. माझ्या गाडीला एअरबॅग नाही, पण अश्विनीताईंची सूचना मुद्दाम सगळ्यांनी वाचावी.

व्हील पुलरने 'टक्' करून सुटलं, नटमुळे नाक वाचलं. क्रॉसचा बोल्ट गंजला होता. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी निघाला.

आत काय निघालं ते लिहितो. क्रॉसच्या चार कपांपैकी (आत बेअरिंगच्या बारीक सुया असलेल्या टोप्या) दोन कोरडे ठाक, एकातून विटेच्या भुकटीसारखी लाल धूळ पडली. ती ग्रीस नव्हे, सुया झिजून झालेला गंज. क्रॉस हातात धरून हळूहळू वाकवला तर मध्येच एका जागी अडतो, मग सुटतो. तोच आपला 'कट्'. वरचा बुश प्लास्टिकचा आहे, त्याला उभी चीर गेलीय आणि शाफ्टवर तिथे चकचकीत पट्टा पडलाय. नखाला खड्डा लागत नाही. शाफ्टच्या पिनांची जागा बघितली, प्लास्टिक अखंड दिसतं, शाफ्ट ओढून-ढकलून लांबीत हलत नाही. ब्रॅकेटच्या कॅप्सूल जागेवर आहेत. स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचांचे) दात नीट, फक्त गंज. कपाटाच्या सपाट काचेवर शाफ्ट लोळवून बघितला, डगमगत नाही.

प्रश्न: क्रॉसचे कप फक्त बदलायचे की अख्खा जॉइंट? आणि ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे अख्खा कॉलम आहे, स्वस्तात देतोय. घ्यावा का?

द्वारका गॅरेजवाला · मंगळवार, रात्री ९:५०

भंगारचा कॉलम घेऊ नका. भंगारात गाडी बहुतेक वेळा ठोकूनच येते. तो कॉलम आधीच दबलेला आहे का ते रंग मारल्यावर कुणाला कळणार? स्टिअरिंग व्हील घ्या, कव्हर घ्या, स्विच घ्या, कॉलम नाही.

जॉइंट अख्खा नवा घ्या. कप काढून नवे घालणारे आहेत, पण तुमच्याकडे प्रेस नाही आणि व्हाइसमध्ये कप तिरका जातो. बुश वेगळा मिळतो. वडाळा नाक्यावर किंवा द्वारकेला जुना नमुना घेऊन जा, दाखवा, जुळवून घ्या. आणि क्लॅम्पचा बोल्ट नवा, कंपनीचाच. साध्या दुकानातला ८ मिमीचा बोल्ट दिसायला तसाच, पण त्याची ताकद वेगळी. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा बघून घ्यायची सवय लावा.

शाफ्टवरचा पट्टा नखाला लागत नाही तर राहू द्या. बारीक पॉलिश पेपरने घासायचाही मोह टाळा, अजून बारीक होईल.

टूलरूम नाना · मंगळवार, रात्री १०:१५

मी अख्खं आयुष्य मायक्रोमीटर वापरला. तरी सांगतो, इथे तुमचं नख आणि काच पुरेशी आहे. तपासणी छान केलीत.

बसवताना घाई नको. काढताना चुकलं तर लगेच दिसतं, बसवताना चुकलेलं रस्त्यावर दिसतं. आधी स्प्लाइन तारेच्या ब्रशने साफ, हलका ग्रीसचा हात. बुशला ग्रीस. कॉलम वर धरून सगळे बोल्ट बोटांनी लावा, दोन-तीन आटे. कुठलाही आवळू नका. मग क्रॉस पिनियनवर रेघेला रेघ जुळवून खाली सरकवा, भोकातून बघा, खाच बरोबर समोर आली पाहिजे. बोल्ट हाताने सरळ आत गेला पाहिजे. पाना लावून ढकलावा लागत असेल तर खाच जुळलेली नाही. थांबा, काढा, परत बघा. खाच चुकवून बोल्ट पिनियनच्या टोकाच्या वरूनच गेला तर तो घट्ट वाटतो आणि जॉइंट नुसत्या घर्षणावर राहतो. स्टिअरिंग सुटलं म्हणतात त्याच्या मुळाशी पुष्कळदा हे एवढंच असतं.

तुमच्या शाफ्टला वरच्या बाजूलाही जॉइंट असेल तर दोन्ही क्रॉसचे काटे (क्रॉसला धरणारी दुहेरी टोकं) एका पातळीत हवेत. तिरके बसले की व्हील एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं होतं. लोक मग रॅकला शिव्या देतात.

कॉलेजरोडकर · मंगळवार, रात्री १०:४०

टॉर्क किती द्यायचा? माझ्याकडच्या मॅन्युअलमध्ये व्हीलचा नट ३३ न्यूटन-मीटर, क्लॅम्पचा बोल्ट २५, ब्रॅकेटचे १४ असं आहे.

टूलरूम नाना · मंगळवार, रात्री १०:५५

मग तेवढाच. मॅन्युअल हाताशी असताना मला विचारू नका. १४ म्हणजे फार कमी असतो हे मात्र लक्षात ठेवा, हाताच्या जोराने सहज पुढे जातो आणि ब्रॅकेटचे आटे जातात.

नाशिकरोडचा नीलेश · बुधवार, दुपारी १:३०

माझ्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे, मोटर कॉलमवरच. उभ्या गाडीत व्हील थोडं हलवलं की बारीक 'टिक टिक' येते. हाच क्रॉस का?

इंदिरानगरची अश्विनी · बुधवार, दुपारी २:१०

क्रॉसही असू शकतो, नानांची बोटांची परीक्षा आधी करा. पण कॉलमवर मोटर असलेल्या काही गाड्यांत मोटर आणि तिच्या वर्म गिअरच्या मध्ये एक छोटं रबरी कपलिंग असतं. ते झिजलं की अगदी असाच आवाज येतो. भाग लहान, पण त्याच्यासाठी कॉलम उतरवावा लागतो. त्या कॉलममध्ये टॉर्क सेन्सर असतो, म्हणून आपटलेला चालत नाही. परत बसवल्यावर स्कॅनरने स्टिअरिंगचं शून्य शिकवावं लागू शकतं. स्कॅनर नसेल तर अशा गाडीत सुरुवात करू नका.

कॉलेजरोडकर · रविवार, दुपारी ४:२०

बसला. क्लॅम्पचा बोल्ट हाताने सरळ आत गेला, आरशात बघून खात्री केली. मोकळी चाल आता १२ मिमी. 'कट्' गेला. किल्ली काढली की व्हील लॉक होतं, लावली की सुटतं. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं, वायर कुठे अडकत नाही. आधी पार्किंगमध्ये, मग सोसायटीच्या रस्त्यावर, मग गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो.

दोन गोष्टी राहिल्या. डावा इंडिकेटर वळण झाल्यावर आपोआप बंद होत नाही, उजवा होतो. आणि सरळ रस्त्यावर व्हील किंचित डावीकडे तिरकं राहतं. आधीपासून होतं असं घरच्यांचं म्हणणं. व्हील काढून एक दात फिरवून लावू का?

द्वारका गॅरेजवाला · रविवार, सायंकाळी ६:००

दात लगेच फिरवू नका. आधी रॅक मध्यावर आहे का बघा. व्हील पूर्ण डावीकडे टेकवा, तिथून पूर्ण उजवीकडे किती फेरे होतात ते मोजा, बरोबर निम्मे परत या. तिथे रॅक मध्यावर. त्या जागी व्हील सरळ असेल तर तुमचं काम बरोबर आहे, आणि तिरकेपणा टाय रॉडच्या लांबीतला आहे. कुणीतरी अलाइनमेंट करताना एकाच बाजूने फिरवलंय. अलाइनमेंटवाल्याकडे जा, 'व्हील सरळ धरून दोन्हीकडून सारखं कर' असं सांगा आणि बाजूला उभे राहा. त्या मध्यावर व्हील तिरकं असेल तरच दात. शाफ्टला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे १० अंश, तुमचं 'किंचित' त्याहून कमी वाटतंय.

इंडिकेटरचं सोपं आहे. व्हीलच्या मागे बंद करणाऱ्या कॅमच्या खाचा असतात, त्या स्विचच्या कडीत पूर्ण बसल्या नसतील किंवा स्विचची कडी एका बाजूने झिजली असेल. व्हील काढून बघा. इंडिकेटर मधोमध ठेवूनच व्हील परत लावा, नाहीतर ती कडी तुटते.

कॉलेजरोडकर · रविवार, रात्री ८:४५

निम्म्या फेऱ्यांवर व्हील अगदी सरळ आलं. म्हणजे टाय रॉड. उद्या अंबडला अलाइनमेंटला नेतो.
इंडिकेटरची कडी डाव्या बाजूला झिजलेलीच निघाली. स्विच मागवलाय.

टूलरूम नाना · रविवार, रात्री ९:१०

क्लॅम्पच्या बोल्टच्या डोक्यापासून जॉइंटपर्यंत रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवा. अलाइनमेंट करून आलात की आणि नंतर पाचेकशे किलोमीटरने टॉर्च घेऊन बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हललाय. पाना लावून उगाच पुन्हा पुन्हा आवळत बसायची गरज नाही.

चुंचाळेचा चंदू · रविवार, रात्री ९:२५

कॉलेजरोडकर, पुलर परत करण्याआधी मला कळवा. माझ्या ओम्नीचं व्हील पण वर-खाली हलतंय.